गाडीखालच्या दोन विटा

दाबलेल्या स्प्रिंगसमोर मी कधीही उभा राहत नाही. बाजूला सरकतो, तोंड वळवून घेतो आणि मगच पाना फिरवतो. अमरावती रोडवर, वाडीतल्या आमच्या गॅरेजांच्या ओळीत यावरून माझी भरपूर टिंगल झाली आहे. 'भेदरट मिस्त्री' हे माझं नाव गिऱ्हाइकांपर्यंत पोचलं आहे. लोक तेच नाव विचारत माझ्या दारात येतात आणि मीही मुकाट्यानं 'या, बसा' म्हणतो.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी गमतीदार अनुभव मागितले आहेत. गमती आहेत, नाही असं नाही. पण माझ्या धंद्यात हसण्यापेक्षा घाबरण्याचेच प्रसंग जास्त आले, आणि त्यातला एक अजून डोक्यातून जात नाही. तोच सांगतो. मात्र आधी धंदा थोडा समजून घ्या, नाहीतर भर दुपारी अमरावती रोडवर एक म्हातारा मिस्त्री जुनाट व्हॅन घेऊन रडकुंडीला का आला होता, ते कळायचं नाही.

गाडीचं सगळं वजन चाकांवर टेकवून धरते ती स्प्रिंग. चाक खड्ड्यात पडतं, गतिरोधकावर चढतं आणि आपण आत जागच्या जागी बसून गप्पा मारतो, ते तिच्या जिवावर. तिनं उड्या मारत बसू नये म्हणून शेजारी शॉकअप असतो. ट्रकला स्प्रिंगऐवजी वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांची चळत असते, तिला आम्ही पाटे म्हणतो. मी हात काळे केले ते पाट्यांवर. पुढे घरोघरी कार आल्या, मग कार 'खाली बसवायची' हौस आली, आणि मी त्या कामात पडलो.

जमिनीलगत चालणारी गाडी रुबाबदार दिसते, असं हौशी मंडळींना वाटतं. वळणावर ती कमी कलते, हेही खरं. पण गाडीच्या पोटाखाली इंजिनाच्या तेलाचं भांडं असतं, त्याला चेंबर म्हणतात. तिथंच ब्रेकचे पाइप असतात, डिझेलची नळी असते. गाडी खाली आली की हे सगळं रस्त्याच्या तोंडाशी येतं. आणि आपल्याकडचे गतिरोधक कोण कोणत्या रागात बांधतो, ते देवाला माहीत.

म्हणून मी माझ्यापुरता एक नियम केला. जमिनीवर दोन विटा एकावर एक आडव्या ठेवायच्या आणि गाडी त्यांच्यावरून न घासता गेली पाहिजे. तीही रिकामी नाही, भरलेली. रिकामी गाडी खोटं बोलते. इतवारीतल्या कापडवाल्यांच्या घरचा एक नवरदेव लग्नासाठी गाडी खाली करून घ्यायला आला होता. "मी आणि बायको, दोघंच बसू," असं त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं. वरातीत मागं चार धष्टपुष्ट मित्र बसले आणि मंगल कार्यालयाच्या फाटकातल्या उंचवट्यावर गाडी पोटावर बसली. चाकं फिरतात, गाडी हलत नाही. शेवटी नवरदेव फेटा सावरत पायी आत गेला. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला म्हणतो, जेवढी माणसं बसणार तेवढी घेऊन या, मगच माप घेईन. आणि एक प्रश्न प्रत्येकाला विचारतो, तुमच्या रोजच्या वाटेवरची सगळ्यांत वाईट जागा कोणती? तिथून गाडी जाते का, एवढंच मला बघायचं असतं.

हे सगळं भीतीतून आलेलं आहे, हुशारीतून नाही.

आता मूळ गोष्ट. संदीप नावाचा एक चाळिशीतला माणूस एक दिवस गॅरेजवर आला. कुठल्याशा कार्यालयात कारकून होता. हौसेनं जुनी पण टुमदार, चांगली उंच पांढरी गाडी घेतली होती.

"काका, गाडी खाली करून पाहिजे."

"काहून? या वयात रेस लावतं का गा?"

"रेस नाई काका. आईसाठी. तिचे गुडघे गेले. गाडीत चढताच येत नाई तिले."

मी हातातला पाना खाली ठेवला. इतक्या वर्षांत हे कारण कुणी सांगितलं नव्हतं.

कोंढाळीच्या पुढे आत त्यांचं गाव. तिथल्या घरी दरवर्षी महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, बसतात. घरची मोठी सून म्हणून मुखवटे पार्वताबाईंच्या, म्हणजे त्याच्या आईच्या ताब्यात. लग्न झाल्यापासून एकही वर्ष चुकलं नव्हतं. गेल्या वर्षी मात्र बसमध्ये चढवेना, या गाडीतही चढवेना, आणि मुखवटे दुसऱ्याच्या हाती पाठवावे लागले. तीन दिवस आई घरात कुणाशी बोलली नाही म्हणे.  मला तो माणूस आवडला, हे कबूल करतो.

"वाटेवरची सगळ्यांत वाईट जागा?" मी विचारलं.

"गावाआधीचा रपटा." रपटा म्हणजे नाल्यावरचा बसका पूल, पाणी आलं की त्याच्यावरूनच वाहणारा. "कठडा नाई त्याले. अन् चढाच्या आधी असा गड्डा आहे, का चाक एकदम लटकतेच."

मी म्हटलं, आईला घेऊन ये.

पार्वताबाई आल्या. बारीक अंगाच्या, नऊवारी नेसलेल्या, नजर मात्र करडी. मी बुटकं लोखंडी स्टूल मांडलं आणि त्यांना बसवून उठायला सांगितलं. मग स्टुलावर ट्रकचा एक जुना पाटा ठेवला, वर गोणपाट टाकलं, पुन्हा बसवून उठवलं. असा एकेक पाटा चढवत गेलो. शेजारच्या गॅरेजातली पोरं दात काढत बघत होती. नुसत्या स्टुलावरून त्या उठल्या, पण दातावर दात दाबून.

"उठली तं मी, पण जीव गेला गा," त्या म्हणाल्या.

पाटे चढत गेले तसं सोपं होत गेलं, आणि एका उंचीवर त्या पदर खोचून सहज उभ्या राहिल्या. "हे बेस आहे. याच्यात काई तरास नाई."

संदीपला मी तिथंच समजावलं. आजारी गुडघ्याला उंच गाडी जेवढी वाईट, तेवढीच फार बुटकी गाडी वाईट. चढता येतं, मग उठता येत नाही. त्यानं मान हलवली. मान हलवणं आणि ऐकणं यात किती अंतर असतं, ते पुढे कळलं.

कंपनीत तयार झालेल्या, थोड्या आखूड आणि थोड्या कडक स्प्रिंगा मागवून मी चारही चाकांना बसवल्या. डावी कुठली, उजवी कुठली, हे चुकू नये म्हणून मी प्रत्येक स्प्रिंगेवर पिवळ्या रंगाची रेघ मारतो, ट्रकच्या दिवसांपासूनची सवय. मग संदीप, त्याची बायको, दोन मुलं आणि पार्वताबाई अशी सगळी वरात गाडीत बसवली, मागं सामान म्हणून सिमेंटची पोती टाकली, आणि गाडी दोन विटांवरून नेली. बोटभर जागा ठेवून गेली. याहून खाली एक सूतही नाही, असं मी ठरवून टाकलं.

एकच अडचण उरली. पाय टेकायला अजूनही एक लहानसा चौरंग लागत होता. चौरंगावर पाय, मग गाडीत. पार्वताबाई खूश होत्या. संदीप नव्हता.

"कॉलनीतले लोक पायतात काका. आईले चौरंगावर चढवून गाडीत बसवाचं, ते कसं दिसते? अजून थोडी खाली नाई होत का?"

"नाई होत. अन् चांगलं दिसते ते."

"तुमी लई भेता काका."

"भेतो," मी म्हटलं. उंच असलेल्या मूळच्या स्प्रिंगा घरी ठेवायला जागा नाही म्हणून तो माझ्याकडेच टाकून गेला.

महालक्ष्म्या यायच्या त्या दिवशी सकाळचं काम उरकून मी शेजारच्या वेल्डरकडे गेलो होतो. सायलेन्सरचा हूक जोडून घ्यायचा होता. तो जोडेपर्यंत मी इकडंतिकडं बघत उभा होतो आणि पायाशी भंगारात एक वेटोळं दिसलं. स्प्रिंगेचं कापलेलं वेटोळं, आणि त्यावर पिवळी रेघ.

मी ते उचललं. रेघ माझीच होती.

"हे कोणाचं गा?"

"सकाळीच, तुमचं शटर उघडाच्या आधी, एक जण आला होता, पांढरी गाडी. म्हणे आज गावाले जाचं आहे, आईले बसाले उंच होते, थोडी कापून दे. समोरच्या काढाले लई टाइम लागते, म्हणून मागच्याच कापल्या."

"गॅसनं कापल्या?"

"मंग काय दातानं कापू?"

मी हूक तिथंच टाकला आणि फोन काढला. ते का, ते सांगतो. स्प्रिंगेला कारखान्यात पाणी दिलेलं असतं, म्हणजे तापवून, विझवून कस आणलेला असतो; त्या पाण्यावर ती दबते आणि पुन्हा उठते. गॅसची ज्योत लागली की तिथलं पाणी उतरतं, मग ती बसते किंवा तुटते. हा एक भाग. दुसरा त्याहून वाईट. संदीपच्या गाडीसारख्या गाड्यांत मागच्या स्प्रिंगेला एकही बोल्ट नसतो. वर एक वाटी, खाली एक वाटी, मध्ये स्प्रिंग उभी. गाडीच्या वजनानंच ती जागेवर दाबलेली राहते. लांबी पुरेशी असेल तर चाक खड्ड्यात लटकलं तरी ती दोन्ही वाट्यांना धरून असते. वेटोळी कापली, की चाक लटकताच वर जागा होते, स्प्रिंग सैल पडते आणि वाटीतून निसटते. पुढच्या क्षणी गाडीचं वजन वाकड्या स्प्रिंगेवर येतं. ती टायरमध्ये घुसते, नाहीतर ब्रेकचा पाइप फोडते.

आणि चाक लटकतं ती जागा मला माहीत होती. तीच मी विचारून घेतली होती. रपटा, कठडा नसलेला.

संदीपला फोन लावला. वाजला, उचलला नाही. पुन्हा लावला, त्यानं कापला. मिस्त्री ओरडणार, हे त्याला कळलं असणार. तिसऱ्यांदा लावला तर फोन लागेचना. मी गॅरेजात धावलो. जॅक, पाने, आणि कोपऱ्यात पडलेल्या त्याच्या मूळच्या उंच स्प्रिंगा व्हॅनमध्ये टाकल्या आणि निघालो. शटर ओढायचंही राहिलं.

त्या दिवशीचा अमरावती रोड मला विसरता येत नाही. ज्या रस्त्यावर उभा जन्म गेला, त्याच्या प्रत्येक खड्ड्याची मला भीती वाटत होती. खड्डा आला की वाटायचं, इथं सुटली असेल. गतिरोधक आला की मी व्हॅन हळू करून डांबराकडे बघायचो. एकावर मला ताजा पांढरा ओरखडा दिसला. गाडीचं पोट घासून गेल्याचा. तो त्यांचाच होता असं नाही, शंभर गाड्या घासतात. तरी मी मोठ्यानं देवाचं नाव घ्यायला लागलो, आणि मी काही फार देवभोळा माणूस नाही.

डोळ्यांपुढं सारखी ती म्हातारी येत होती, स्टुलावरून उठून पदर खोचणारी. मांडीवर मुखवट्यांचा डबा असणार. मागं ती दोन मुलं. मी कामाला नाही म्हटलं असतं तर ही गाडी उंचच राहिली असती, हाही विचार येऊन गेला. आणि संदीपचा इतका राग आला की तो समोर असता तर कानाखाली वाजवली असती. मग वाटलं, तो समोर दिसू दे नुसता, काही बोलणार नाही.

बाजारगावच्या अलीकडे वाहनं थांबलेली होती. पुढं गर्दी. काय झालं म्हणून विचारायचं धाडसच होईना. एकानं आपण होऊन सांगितलं, ट्रकचा टायर फुटला. मी त्या माणसाचा हातच धरला. त्याला काय वाटलं असेल कोण जाणे.

गर्दीतून सुटलो, आणखी थोडं पुढं गेलो, आणि रस्त्याच्या कडेला चहाच्या टपरीपाशी पांढरी गाडी दिसली. सगळी दारं उघडी होती. सात-आठ माणसं गाडीला वेढा घालून उभी. मागच्या सीटवर, डाव्या दाराशी पार्वताबाई बसलेल्या, डोळे मिटलेले, मान मागं टेकलेली.

मी व्हॅन कशीबशी उभी केली.  'गेली' असं माझ्या मनानं म्हटलं. खरंच म्हटलं.

तेवढ्यात त्यांनी डोळे उघडले. "काहून पयत आला गा? अन् असा पांढराफट्टक काहून पडला?"

मी दाराला धरून उभा राहिलो. 

संदीप घामाघूम होऊन बाजूला उभा होता. "काका, आईले उतरताच येऊन नाई राहिलं. चहासाठी थांबा म्हणे, म्हणून थांबलो. आता म्हणते मले उठवतच नाई. आमी दोघं मिळून हात धरून ओढलं तर वरडते."

"मले ओढू नको म्हणून सांगितलं ना तुले," पार्वताबाई म्हणाल्या. "अन् मी उतरल्याबिगर गाडी हलवाची नाई."

"मी म्हणलं होतं न आईले, गावी गेल्यावर चार जणं मिळून उतरवू," संदीप म्हणाला. "तर आयकतच नाई."

मी गाडीमागं गेलो. वाकून मागच्या चाकाशी पाहिलं. डावी स्प्रिंग वाटीत नव्हती. तिरपी झाली होती, वरचं कापलेलं टोक वाटीच्या कडेला कसंबसं अडकलं होतं आणि त्याच्यापासून दोन बोटांवर ब्रेकचा पाइप होता. पाइपावर घासल्याची चकाकती खूण पडली होती. अजून एक खड्डा पुरला असता.

उभा राहिलो आणि पार्वताबाईंच्या कानाशी लागलो. "माय, उतरा लागते. आत्ताच."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.  मग मांडीवरचा डबा सुनेच्या हाती दिला. "आधी लक्ष्म्या घे वं," म्हणाल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवला, दातावर दात दाबले, आणि उठल्या. एका दमात. सगळी टपरी बघत राहिली.

"आई!" संदीप म्हणाला. "आता कशी उठली?"

"मिस्त्रीचा खांदा मजबूत आहे," त्या म्हणाल्या आणि टपरीच्या बाकावर जाऊन बसल्या.

मी सगळ्यांना गाडीपासून लांब केलं. चाकांना दगड लावले, जॅक बसवला आणि गाडी उचलायला लागलो. चाक थोडं लटकलं. अजून थोडं. आणि 'टण्ण' करून डावी स्प्रिंग आपोआप खाली पडली, डांबरावर गडगडत गेली आणि संदीपच्या बुटाशी थांबली. ना पाना लागला, ना हात. त्यानं खाली पाहिलं. मग रस्त्यावर, धुळीत, ऑफिसच्या पँटीसकट तो मटकन बसला.

"टक टक आवाज येत होता काका," तो म्हणाला. "मी गाणे लावले जोरात."

त्याला रागवायचं मी वाटभर ठरवलं होतं. मी नुसती ती स्प्रिंग उचलून बाजूला ठेवली. तो रडत होता.

मागच्या दोन्ही उंच स्प्रिंगा मी तिथंच बसवल्या. शॉकअपचा नट दोनदा हातातून निसटला. काम झाल्यावर संदीप मुलांना चहा-बिस्किटं द्यायला गेला आणि मी पार्वताबाईंच्या शेजारी बाकावर बसलो. 

"लई भेला का गा?" त्यांनी हळूच विचारलं.

"लई भेलो माय."

"मीबी भेली होती." त्या डब्यावरून हात फिरवत होत्या. "बुडाखाली कोनी ठोकून राहिलं असं वाटे. घरून निघालो तवापासून. पोरानं एवढ्या हौसेनं केलं, लोकायसमोर माय चौरंगावर चढली नाई पाह्यजे म्हणून. त्याले कशी सांगू, का तुह्या गाडीत मले भेव लागते? मंग गुडघ्याचं निमित्त केलं. दुखत तं होतेच. पण मले उतराचं नव्हतं बाप्पा, गाडी थांबवाची होती."

 आयुष्यभर लोक मला भेदरट म्हणत आले होते, आणि माझ्याइतकंच कान लावून गाडीचं पोट ऐकणारं माणूस मला त्या बाकावर भेटलं.

"त्याले नको सांगू," त्या म्हणाल्या. मी सांगितलं नाही. संदीप दिवाळी अंक वाचत नाही, याची खात्री करूनच हे लिहितो आहे.

गाडी आता मागून पूर्वीइतकी उंच झाली होती, पुढून थोडी नाक खाली करून उभी. पार्वताबाईंना चढवायचं कसं? चौरंग तर संदीप मुद्दाम घरी ठेवून आला होता. कुणी काही म्हणायच्या आत तो उठला, टपरीमागच्या विटांच्या ढिगाकडे गेला आणि दोन विटा घेऊन आला. दाराशी वाकला, एकावर एक आडव्या ठेवल्या, हातानं हलवून पाहिल्या. हलतात का, ते पुन्हा पाहिलं. टपरीवरची माणसं बघत होती. त्यानं वर मान केली नाही. आईचं पाऊल स्वतःच्या हातानं उचलून त्यानं विटेवर ठेवलं.

त्या गाडीत बसल्यावर दोन्ही विटा पुसून त्यानं मागं सामानात ठेवल्या. गावाकडेही लागतील म्हणाला.

मी रपट्यापर्यंत त्यांच्या मागं गेलो. बोलावलं नव्हतं, पण मला परत फिरवेना. गड्ड्यात चाक लटकलं, मी श्वास धरला, आणि गाडी सावकाश चढून पलीकडे गेली. पलीकडे जाऊन थांबली. पार्वताबाईंनी खिडकीतून मान बाहेर काढली आणि नाल्याच्या आवाजावर आवाज चढवून मला म्हणाल्या,

"जाय आता घरी! अन् भेत जाय गा असाच. बरं असते ते."